पाण्यावरची रेघ

दुकान वाढवून घरची मंडळी परततात, तेव्हा दिवसभराचा ताणही त्यांच्यासोबत उंबरठा ओलांडतो. अडकलेली उधारी, भावाभावांतील हिशेबाची कुरबुर, वर्षानुवर्षे टाळलेला वाटणीचा विषय. सूर्यास्तापूर्वी जेवून मुले तोवर आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असतात. पुस्तक उघडे असते. कान मात्र बाहेर लागलेले असतात.

‘आम्ही मुलांसमोर कधी भांडत नाही,’ असे आपण समाधानाने सांगतो. पण दहावी-बारावीच्या वयातील मुलाला ताट ठेवल्याच्या आवाजावरूनही घरातील हवा कळते. अबोल्याचे तर विचारूच नये. ‘बाबांना सांग, जेवण वाढले आहे,’ असा निरोप एकाच घरात नेणारी मुलगी केवळ निरोप्या नसते. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी हा पेच ती मनात वागवत असते. काका आणि बाबा यांच्यात बोलणे बंद झाले, तर चुलतभावाशी खेळावे की नाही, हेही तिला कोणी सांगत नाही.

जॉन ग्रिच व फ्रँक फिंचम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक महत्त्वाची मांडणी केली. आईवडिलांच्या भांडणाचा मुलावर होणारा परिणाम बराचसा मूल त्याचा काय अर्थ लावते यावर अवलंबून असतो. ‘आता आपले काय होणार?’ आणि ‘हे माझ्यामुळे तर झाले नाही ना?’ हे दोन प्रश्न मनात घर करून बसले, की चिंता वाढीस लागते. विशेषतः वाद मुलाच्या गुणांवरून, शिकवणीच्या फीवरून किंवा ‘याने पेढीवर बसायचे की बाहेर शिकायचे’ यावरून असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते स्वतःच देऊन टाकते.

ही चिंता शब्दांत क्वचितच प्रकट होते. पोटदुखी, डोकेदुखी, उडालेली झोप, एकाएकी चिडणे, अभ्यासात मन न लागणे अशी तिची रूपे. आपण परीक्षेला किंवा मोबाइलला दोष देतो. मोबाइलला दोष देणे सोपे. तो उलट बोलत नाही.

मग घरात मतभेदच नसावेत काय? असे घर कोठे आहे! मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मोठ्यांच्या भांडणांची चित्रित दृश्ये दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया अभ्यासल्या. भांडण मिटल्याचे दिसले की मुलांची अस्वस्थता लक्षणीय उतरे. अनिर्णित राहिलेले भांडण मात्र त्यांना छळत राही.

आपल्या शास्त्रकारांनी क्रोधाचे चार प्रकार रेघांच्या उपमेने सांगितले आहेत: दगडावरची, जमिनीवरची, वाळूवरची आणि पाण्यावरची रेघ. क्रोध किती टिकतो, यावरून त्याची तीव्रता मोजली गेली. मुलांचे मनही नेमके हेच मोजत असते.

क्षमापनेच्या दिवशी आपण शेकडो व्यापारी-स्नेह्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवतो. शेजारच्या खोलीतील मुलाकडे ते शब्द पोहोचतात का? वाद त्याने ऐकला असेल, तर मिटल्याचेही त्याला कळू द्यावे. ‘काल आमचा आवाज चढला. विषय दुकानाचा होता, तुझा नव्हता. आता आमचे ठरले आहे.’ एवढे बोलायला पाच मिनिटे लागत नाहीत. मात्र न मिटलेले मिटले म्हणून सांगू नये. या वयाची मुले खोटे लगेच ओळखतात. आणि जेथे हात उगारला जातो, तेथे प्रश्न समजुतीचा नसून सुरक्षिततेचा असतो. तेथे बाहेरची मदत घ्यावीच लागते.

दोन-तीन आठवडे झोप व भूक बिघडलेली असेल, मूल शाळा-महाविद्यालय टाळत असेल किंवा जगण्याविषयी निराशेने बोलत असेल, तर ‘लोक काय म्हणतील’ यात वेळ दवडू नये. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते, आणि मुलाआधी आईवडिलांनी फोन केला तरी चालतो.