पीडीएफ कॅटलॉगमध्ये व्हिडिओ टाकताय? आधी हे वाचा

मागच्या दिवाळीआधी मी दुकानाच्या पीडीएफ कॅटलॉगमध्ये थेट व्हिडिओच घातला. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालला. पण होलसेलच्या गिऱ्हाइकाने मोबाईलवर उघडला, तर नुसता काळा चौकोन! ऑर्डर गेली दुसऱ्याकडे.

असं का झालं? अडोबीने 1993 साली आणलेल्या पीडीएफमध्ये आज व्हिडिओ, आवाज बसवता येतो. पण तो वाजवायचं काम फाइल उघडणाऱ्या अ‍ॅपचं. मोबाईलवरची बहुतेक अ‍ॅप्स ते करतच नाहीत. पूर्वी यासाठी फ्लॅश वापरायचे, तेही 2020 च्या अखेरीस बंद पडलं.

मग करायचं काय?

1. व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून टाका.
2. त्यातला एक चांगला फोटो घ्या, वर प्लेचं चिन्ह लावा.
3. कॅनव्हामध्ये त्या फोटोला लिंक जोडा आणि पीडीएफ डाउनलोड करा.

फाइल हलकी राहते, एका टचवर व्हिडिओ सुरू. कॅटलॉग छापणार असाल तर शेजारी क्यूआर कोड द्या.

आणि पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात साध्या मोबाईलवर उघडून बघा. आपल्या लॅपटॉपवर काय दिसतं याला किंमत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात जे दिसतं, त्यावरच ऑर्डर येते.