पाऊस मोजणारा संगणक

मुलांनो, समजा, आपल्या शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवला आहे. त्याच्या पोटात दोन लहान वाट्या आहेत. तराजूच्या पारड्यांप्रमाणे त्या खालीवर होतात. एक वाटी पावसाच्या पाण्याने भरली, की कलंडते आणि रिकामी होते; मग दुसरी वाटी भरू लागते. वाटी कलंडताच तारेतून संगणकाला एक संकेत जातो. एक संकेत म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. पाच संकेत आले, की १ मिलिमीटर पाऊस झाला.

हे संकेत मोजतो संगणकातील एक प्रोग्राम. सकाळी बाई आपले नाव आणि परवलीचा शब्द देतात, तेव्हा तो सुरू होतो. बाई काम संपवून बाहेर पडल्या, की तोही थांबतो.

आपल्या मॉरिशसमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत चक्रीवादळे येतात. तेव्हा शाळा बंद असते. रात्री वीज जाते, काही वेळाने परत येते. संगणक आपोआप सुरू होतो, पण पडद्यावर नाव विचारणारी चौकट तशीच राहते. गच्चीवर वाट्या भराभर कलंडत असतात आणि मोजणारा कोणीच नसतो! वर्षातील सर्वांत मोठा पाऊस, आणि नोंद शून्य!

म्हणून हा प्रोग्राम 'सेवा' म्हणून बसवतात. सेवा संगणकाबरोबरच जागी होते. ती कोणाच्या नावाची वाट पाहत नाही. मध्येच बंद पडली, तर तिला पुन्हा सुरू करण्याची सूचना संगणकाला देऊन ठेवता येते. वीज नसताना पडलेला पाऊस मात्र तिलाही मोजता येत नाही.

मग सगळेच प्रोग्राम सेवा का करू नयेत? पावसाचा रंगीत आलेख दाखवणारा प्रोग्राम घ्या. तो पाहायला समोर माणूस हवा. सेवा तर पडद्यामागे काम करते. आलेख बाईंनीच उघडावा.

रोज रात्री १० वाजता नोंदींची प्रत काढायची आहे. काम दोन मिनिटांचे! त्यासाठी दिवसभर जागे कशाला राहायचे? वेळापत्रक सांभाळणारी एक सेवा संगणकात आधीच असते. यूनिक्स प्रणालीत तिला 'क्रॉन' म्हणतात. ती दर मिनिटाला आपली यादी पाहते आणि वेळ झालेले काम सुरू करून देते. बाई घरी असल्या तरी चालते. पण वाटी केव्हा कलंडेल, हे कोणत्या यादीत लिहिणार?

सेवा बसवताना बाई आणखी एक काळजी घेतात. संगणकातील सर्व फायली उघडण्याचा अधिकार तिला दिला आणि तिच्यात एखादी चूक निघाली, तर तुमचे निबंधही पुसले जातील. म्हणून पाऊस मोजणाऱ्या सेवेला पावसाच्या नोंदवहीपुरताच अधिकार देतात.