हेतुपुरस्सर मदत? नको रे बाबा!

एका गृहसंस्थेच्या स्मरणिकेची प्रुफं तपासत होते. आभाराच्या पानावर वाक्य होतं: ‘अध्यक्षांनी सर्वांना हेतुपुरस्सर मदत केली.’ म्हणजे निवडणूक जवळ आली होती की काय!

‘पुरस्सर’ म्हणजे पुढे चालणारा. आधी हेतू, मागून कृती. अर्थात काही वाईट नाही. पण वापरून वापरून या शब्दाला आरोपाचा वास लागलाय. बदनामी, दिरंगाई, दुर्लक्ष हे सगळं हेतुपुरस्सर होतं. मदत, कौतुक, पाहुणचार मात्र आवर्जून होतो.

‘मुद्दाम’ची गंमत वेगळी. ‘तुझ्यासाठी मुद्दाम मोदक केले’ यात माया आहे, ‘मुद्दाम पाय दिला’ यात भांडण. दोन्ही चालतं. ‘जाणूनबुजून’ला ही सवलत नाही. जाणूनबुजून मोदक केले म्हटलं, तर खाणाऱ्याला मधुमेह असणार!

चांगल्या कामामागचा विचार सांगायचा असेल तर ‘जाणीवपूर्वक’ घ्या. नजर, मौन, हसू यांच्यासाठी ‘सहेतुक’ छान बसतो. आणि आयुष्य हेतुपुरस्सर जगू नका बुवा, फार तर ध्येयाने जगा.

शुद्धलेखनाचंही सांगून टाकते. एकटा ‘हेतू’ दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व: हेतुपुरस्सर. तसंच कवी पण कविसंमेलन, गुरू पण गुरुदक्षिणा. १९६२च्या लेखननियमांपासून हे असंच आहे. ‘पुरस्सर’मधला जोड ‘स्स’ही खाऊ नका.

असाच एखादा शब्द तुम्हाला अडवत असेल तर कमेंटमध्ये अख्खं वाक्य टाका. नुसत्या शब्दावरून सांगणं कठीण जातं.