भंगारवाल्याच्या आधी पोचायचं तर...

‘आज संध्याकाळपर्यंत उचला, नाहीतर उद्या सकाळी भंगारवाला येतोय.’ जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या बाईला फोनवर हे वाक्य ऐकू आलं, की पोटात गोळाच येतो.

आमच्या घरी या नादाची सुरुवात एका घंगाळापासून झाली. वसईकडचं सासूबाईंचं माहेर पाडायला काढलं होतं. टेम्पो मिळेपर्यंत दोन दिवस गेले. आम्ही पोचलो तेव्हा पितळी घंगाळ आणि तांब्याचा बंब किलोच्या भावाने गेलेले. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्या घंगाळात तुमच्या नवऱ्यांना पहिली आंघोळ घातली होती गं.” मी आणि जाऊबाई एकमेकींकडे बघत राहिलो.

तेव्हापासून घर पाडणार असं कळलं की आम्ही दोघी जातो. जातं, पाटा, दुधाचं फडताळ, सागवानी पाळणा, जे मिळेल ते आणून पडवीत ठेवतो. विकत नाही. काशीगाव त्यासाठी सोयीचं. हायवेला लागून वरसावेचा पूल ओलांडला की वसई, पालघर, डहाणू. दुसरीकडे घोडबंदरवरून ठाणं. अडचण एकच, गाडी. भाड्याचा टेम्पो वस्तूपेक्षा महाग पडतो, आणि हवा तेव्हा येत नाही.

शेवटी भिशीचे पैसे आले तेव्हा ठरवलं, स्वतःची जुनी गाडी घ्यायची.

देखणी आणि कामाची

भाऊजींचं मन लगेच एका आखूड जीपवर बसलं. १९६०च्या दशकातली, उंच बॉनेटची. महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली १९४७ मध्ये, तेव्हापासून या जीपने आपल्याकडे लष्कर पाहिलं, शेत पाहिलं, निवडणुका पाहिल्या. दिसायला झकासच! पण मागे पाळणा ठेवला तर माणूस कुठे बसणार?

शिवाय ‘जुनी’ आणि ‘व्हिंटेज’ यांत कायद्याने फरक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. जाऊबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्याला पाळणा आणायला गाडी हवी, आणि ही स्वतःच पाळण्यात बसणार!”

मागे खोली ओढायची?

दुसरा प्रश्न रात्रीचा होता. डहाणू-जव्हारकडे गेलं की परतायला उशीर होतो. लॉजवर दोघीच बायका दिसल्या की पहिला प्रश्न, “सोबत कोण आहे?” म्हणून आमच्या डोक्यात आलं, जीपच्या मागे दोन चाकांची छोटी खोली जोडावी. झोपायला जागा, दाराला आतून कडी. हायवेवरचा एक वेल्डर करून द्यायलाही तयार झाला.

बरं झालं, आधी चौकशी केली. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच. त्याला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि मंजुरी नसलेलं घरगुती बनावटीचं धूड नोंदलं जात नाही. शिवाय आखूड गाडीमागे जड ट्रेलर जोडला की तो शेपटीसारखा डोलतो आणि पुढच्या गाडीलाही डोलवतो. ओझं चाकांच्या दांड्यावर आणि थोडं पुढे हवं. मागे गेलं की डोलणं वाढतं. गायमुखच्या उतारावर तर जुन्या ड्रम ब्रेकना गाडीचं वजन आणि वर ट्रेलरचा रेटा. ब्रेक तापले की पकड सैल होते. अशा उतारावर खालचा गिअरच टाकावा लागतो.

मग जाऊबाईंनीच तोडगा काढला. “ओढायची कशाला? पोटातच झोपू की!”

ओळखीची निघाली

आणि आठवली ती लांब जीप, कमांडर. मागे समोरासमोर दोन बाकडी. मैत्रिणींनो, तुम्हीही तिच्यात कोंबून बसून कधी तरी माहेरी गेला असाल! बाकड्यांच्या मधे सामान मावतं, आणि रात्री बाकड्यावर गादी टाकून एकेक जण पडू शकते. डिझेलची असल्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होण्याची भीती नाही. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. आम्ही आत काहीही ठोकून बसवलं नाही, कारण गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. गॅस तर आत पेटवायचाच नाही.

बघायला जाताना

* आरसी बुकातला इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरलाय का, तेही.
* खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांनी वाढते. चारचाकीला त्याचे २०२२ पासून ५,००० रुपये, आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,००० रुपये. हरित कर वेगळा. गाडीच्या किमतीत हे धराच.
* १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते.
* खाडीकाठच्या गाडीला खालून गंज लागतो. चासीवर हातोडीने हलकेच टकटक करा. आवाज बद्द आला तर पुढे जाऊ नका.
* इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय.
* वस्तू विकायचा धंदा करायचा असेल तर पांढऱ्या पाटीची गाडी चालत नाही. मालवाहू नोंदणी हवी.
* आणि चालवणार तुम्ही असाल, तर सीटवर तुम्हीच बसून पाहा. क्लच शेवटपर्यंत दाबला जातोय ना? नवरा म्हणतो ‘सवय होईल’, पण गुडघा आपलाच दुखतो.

आम्ही पाहिलेली पहिली जीप या शेवटच्या मुद्द्यावरच नाकारली. भाऊजी आठवडाभर गप्प होते. दुसरी घेतली. रंग उडालेला, ताडपत्री नवी घालावी लागली.

गेल्या पावसाळ्यानंतर सफाळ्याकडून असाच फोन आला. दुपारी निघालो, अंधार पडायच्या आत बंब जीपमध्ये होता. सासूबाईंचा नव्हे, तो कधीच वितळला असेल. पण घरी आल्यावर त्यांनी चिंचेने तो स्वतः घासला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकाला हाक मारली, “पाणी तापलंय रे, आंघोळीला ये.”