बंदरावरचा गाइड : पनवेलच्या तरुणांना जमेल असा व्यवसाय

परदेशी पाहुण्याला एका दिवसात शहर दाखवून आणणे हाही एक व्यवसाय आहे, आणि त्यात दुकान, गाळा किंवा मोठे भांडवल लागत नाही. लागते ती जिभेवरची सफाई, घड्याळावर नजर आणि शब्दाची किंमत. आपल्याकडे गाइड म्हटले की लेण्यांच्या दाराशी मागे लागणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जगातल्या मोठ्या बंदरांवर मात्र हे काम प्रतिष्ठेचे समजले जाते. त्याचा हिशेब आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

कॅरिबियनचे उदाहरण

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, कॅरिबियन समुद्राच्या काठी कार्ताहेना हे बंदर आहे. स्पॅनिश लोकांनी ते १५३३ मध्ये वसवले. तटबंदीचे हे जुने शहर १९८४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. प्रवासी जहाजे (क्रूझ) येथे सकाळी लागतात आणि बहुधा त्याच दिवशी निघून जातात. उतरणाऱ्या प्रवाशापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे जहाज कंपनीची बस. तीत तीसचाळीस माणसे, ठरलेला रस्ता आणि ठरलेली दुकाने. दुसरी वाट म्हणजे गावचाच एखादा गाइड आपल्या कुटुंबापुरता ठरवणे.

या खासगी गाइडचा फायदा उघड आहे. म्हातारे आईवडील बरोबर असतील तर तो सावकाश चालतो. कुणाला किल्ल्यापेक्षा बाजार पाहायचा असेल तर बाजारात नेतो. रंगीत झगे घालून डोक्यावर फळांची टोपली मिरवणाऱ्या बायका तेथे सगळेच पाहतात. पण त्यांचा वारसा गुलामगिरीतून पळालेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेल्या पालेन्के गावापर्यंत जातो, हे गावचा माणूसच जिव्हाळ्याने सांगू शकतो.

तोटाही समजून घ्यावा. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. खासगी गाइडबरोबर गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. म्हणून अशा गाइडचा खरा माल इतिहास नसून वेळेचा भरवसा आहे.

आपल्या दाराशी आलेली संधी

हे सर्व आपल्याला लागू कसे पडते? मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये होऊन डिसेंबरअखेर विमाने सुरू झाली. शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून खुला आहे. परदेशी पाहुणा उतरतो ती दोन्ही दारे आता पनवेलकराच्या आवाक्यात आहेत.

शिवाय पाहुणा जे पाहायला येतो त्यातले बरेचसे आपल्याच जिल्ह्यात आहे. घारापुरीची लेणी (एलिफंटा) १९८७ पासून जागतिक वारसा आहेत. लाँच गेटवेहून सुटते, पण बेट मुंबईचे नाही, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले याच यादीत आले. त्यांपैकी रायगड आणि खांदेरी हे दोन आपल्या जिल्ह्यातले.

घड्याळाचा हिशेब

समजा, जहाज सकाळी ८ वाजता लागले. पासपोर्टचे सोपस्कार आटोपून प्रवासी ९.३० वाजता बाहेर आला. त्याला ५ वाजता परत जहाजावर हवे. हातात साडेसात तास दिसतात. आता घारापुरीचे पाहू. गेटवे गाठून तिकिटे काढायला अर्धा तास, लाँचने जायला एक तास, जेट्टीवरून चालणे, शंभराहून अधिक पायऱ्या आणि लेणी मिळून दोन तास, परतीचा एक तास. दुपारचे २ वाजले. जेवणाला एक तास धरला की ३. शेवटचा एक तास वाहतुकीच्या खोळंब्यासाठी राखून ठेवलाच पाहिजे. मग शहर पाहायला उरतो जेमतेम एक तास. त्यात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत बाहेरून दाखवता येईल, किंवा क्रॉफर्ड मार्केट आणि जुन्या तलावावर उभी असलेली, १८०२ मध्ये पुरी झालेली जामा मशीद. दोन्ही दाखवण्याचा मोह टाळावा.

सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. त्या दिवसांसाठी ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा फेरा तयार ठेवावा. त्या २०१८ मध्ये जागतिक वारशात आल्या. बंदराच्या आत पासाशिवाय जाता येत नाही, म्हणून पाहुण्याला भेटण्याची जागा फाटकाबाहेरची, अगदी खुणेसह आधीच कळवावी. पनवेलहून लोकलने सव्वा ते दीड तास लागतो. गाइडने पाहुण्याच्या तासभर आधी पोचावे.

परवाना

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारकांत पैसे घेऊन पाहुणे फिरवायचे तर परवाना लागतो. १९५९ च्या नियमांतच तसे बंधन आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालय गाइडांना प्रशिक्षण व ओळखपत्र देण्याच्या योजना राबवत आले आहे, आणि राज्याचे पर्यटन संचालनालयही स्थानिक गाइडांसाठी वर्ग घेत आले आहे. शिक्षण, वय आणि फी यांच्या चालू अटी थेट या कार्यालयांकडूनच घ्याव्यात. परवाना मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

पैसा आणि कमिशन

केवळ उदाहरण म्हणून धरू की, दिवसाचे ४,००० रुपये ठरले, खर्च ४०० झाला आणि महिन्यात सहा दिवस काम मिळाले. हाती २१,६०० रुपये उरतात. पण हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्चचा. उरलेल्या महिन्यांसाठी दुसरा धंदा किंवा नोकरी हवीच. केवळ यावर संसार उभा करायला निघू नये.

येथेच कमिशनचा मोह होतो. पाहुण्याला गालिचे किंवा जडजवाहिरांच्या दुकानात न्यायचे आणि दुकानदाराकडून हिस्सा घ्यायचा. तो हिस्सा दुकानदार पदरचा देत नाही, पाहुण्याच्याच बिलात चढवतो. पाहुणा रात्री जहाजावर जेवताना दहा जणांना हे सांगतो, आणि पुढच्या फेरीत आपले नाव कुणी घेत नाही. दर आधी सांगावा, त्यात काय धरले आहे आणि काय नाही हे लिहून द्यावे. खरेदी करायचीच असेल तर पाहुण्याने म्हटल्यावर न्यावे.

जिभेची जबाबदारी

जंजिरा दाखवताना अनेक गाइड टाळ्यांसाठी गोष्टीला तिखटमीठ लावतात आणि समुद्रावरच्या राजकारणाला धर्माचे भांडण करून टाकतात. इतिहास तसा नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेट बांधायला घेतले. तेव्हा त्यांच्या आरमारात दौलतखान हा सरदार लढत होता आणि समोर इंग्रजांबरोबर सिद्दी होता. सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. कार्ताहेनात आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून विकली गेली, तर जंजिऱ्यावर त्याच खंडातून आलेल्यांचे राज्य १९४८ पर्यंत टिकले. एवढे खरे सांगितले तरी पाहुणा थक्क होतो. खोटे जोडण्याची गरज पडत नाही.

पनवेलही विसरू नये. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खाडीतून होडीने पनवेलला उतरे आणि पुढे गाडीरस्ता धरी. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि ही वर्दळ ओसरली. १८५२ ची नगरपालिका, खाडीकाठचे जुने मोहल्ले, बेने इस्रायलांचे सिनेगॉग, जवळचा कर्नाळा हे सारे अर्ध्या दिवसात दाखवता येते. विमानाला पाच-सहा तास अवकाश असलेल्या पाहुण्यासाठी हा फेरा बेताचा आहे.

सुरुवात कशी करावी

आपल्या बिरादरीत जहाजावर नोकरी केलेली माणसे पुष्कळ आहेत. परक्या बंदरात चार तासांची सुट्टी मिळाली की काय पाहावेसे वाटते आणि कोण कसे फसवतो, हे त्यांना विचारावे. मग एकच फेरा निवडून तो घड्याळ लावून पाच वेळा पायी करावा. स्वच्छतागृह कोठे, सावली कोठे, चाकाची खुर्ची कोठे अडते, हे वहीत टिपावे. इंग्रजी बोलण्याचा सराव रोज करावा. दुसरी एखादी परकी भाषा आली तर मागणी वाढते. पहिले पाहुणे ओळखीतूनच घ्यावेत आणि प्रत्येकाला ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी फाटकावर परत पोचवावे. या धंद्यात नाव त्यावरच होते.