परदेशातील सेवावर्ष आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षा

पिंपरी-चिंचवड परिसरातील आपल्या धर्मग्रामांत अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी मुले-मुली अनेक घरांत आढळतात. पदवी हाती पडली की चाकण, भोसरी किंवा तळेगावच्या एखाद्या कारखान्यात नोकरी आणि जमल्यास पुढे एम.टेक., एम.एस. अथवा एम.बी.ए., हा मार्ग पालकांच्या परिचयाचा आहे. त्यांतलीच एखादी मुलगी जेव्हा म्हणते, 'मला वर्षभर परदेशात जाऊन वृद्धाश्रमात किंवा दिव्यांग मुलांच्या शाळेत सेवा करायची आहे,' तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरते आणि मग एकच प्रश्न विचारला जातो: 'आणि परीक्षेचे काय?'

प्रश्न रास्त आहे. वडील निवृत्तीला आलेले, घराचे हप्ते चालू, धाकटे भावंड अजून शिकते आहे, अशा घरात एक वर्ष म्हणजे लहान गोष्ट नव्हे. म्हणून हे वर्ष आणि प्रवेश परीक्षा यांचा मेळ कसा घालता येतो, हे पालक व युवक दोघांनीही नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या भागाचा जर्मनीशी संबंध कारखान्यांमुळे जवळचा झाला आहे. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि मर्सिडीज-बेंझही तेथेच आली. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारे अभियंते नवे नाहीत. त्यामुळे उदाहरण जर्मनीचेच घेऊ. तेथे २०११ साली सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली. तिच्याऐवजी युवक रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत जी नागरी सेवा करीत, तीही बंद पडली. त्या जागी १ जुलै २०११ पासून संघराज्याची स्वयंसेवा योजना सुरू झाली. 'वेल्टवेर्ट्स' हा कार्यक्रम २००८ पासून जर्मन युवकांना आपल्यासारख्या देशांत पाठवीत असे. २०१३ पासून त्याच कार्यक्रमातून इकडील युवकही तिकडे सेवेसाठी जाऊ लागले. ख्रिस्तसभेच्या संस्थाही त्यात सहभागी आहेत. स्वयंसेवकाला पगार मिळत नाही. राहण्याची सोय, विमा आणि थोडा हातखर्च मिळतो.

अनेकांची समजूत अशी असते की, सेवेच्या वर्षात वेळ भरपूर मिळेल, पुस्तके बरोबर नेऊ आणि सायंकाळी अभ्यास करू. ही समजूत बहुधा फसते. पूर्णवेळ स्वयंसेवकाचे काम आठवड्याला सुमारे ३९ तासांचे, म्हणजे नोकरीइतकेच असते. वृद्धाश्रमातील सकाळची पाळी आपल्या पहिल्या पाळीसारखीच भल्या पहाटे उठविते. त्यात पहिले काही महिने परकी भाषा दिवसभर कानांवर पडत असते आणि तिचा थकवा शारीरिक श्रमांहून अधिक असतो. येथील ऑनलाइन शिकवणीची वेळही जुळत नाही. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. पुण्यात सायंकाळी सात वाजता सुरू होणारा वर्ग तेथे हिवाळ्यात दुपारी अडीच वाजता भरतो आणि त्या वेळी स्वयंसेवक कामावर असतो.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, ज्या परीक्षेचे गुण टिकतात ती परीक्षा जाण्यापूर्वीच द्यावी. ज्या परीक्षेचे गुण टिकत नाहीत ती परत आल्यावर द्यावी.

कोणत्या परीक्षेचे गुण किती टिकतात, हे अनेक पदवीधरांनाही ठाऊक नसते. 'गेट' परीक्षेचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच या परीक्षेला बसता येते, त्यामुळे शेवटच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करण्याची संधीही उरते. परदेशी विद्यापीठांसाठी द्यावयाच्या 'जीआरई'चे गुण पाच वर्षे चालतात. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आटोपशीर झाली असून ती आता एक तास अठ्ठावन्न मिनिटांची आहे. व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या 'जीमॅट'चेही गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. 'कॅट'चे मात्र तसे नाही. ते गुण लगतच्या प्रवेशवर्षापुरतेच उपयोगी पडतात आणि परीक्षा भारतातील केंद्रांवरच, नोव्हेंबरमधील एखाद्या रविवारी होते. (त्या दिवशी सकाळच्या सत्रात परीक्षा असेल तर शनिवारी सायंकाळच्या मिस्साबलिदानाला जावे, हे सांगणे न लगे.)

येथे दिनदर्शिका समोर ठेवून बसणे आवश्यक आहे. जर्मनीतील सेवावर्ष साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि पुढील ऑगस्टअखेर संपते. आपल्याकडे आय.आय.एम.चे वर्ग जूनच्या सुमारास आणि आय.आय.टी.तील एम.टेक.चे सत्र जुलैअखेरीस सुरू होते. म्हणजे सप्टेंबर २०२७ मध्ये गेलेला युवक २०२८ च्या सत्राला उपस्थित राहू शकत नाही. त्याचा प्रवेश २०२९ मध्ये होईल. वर्ष एक म्हणून निघालेल्याची प्रत्यक्षात दोन वर्षे जातात, ही गोष्ट घरात आधीच सांगितलेली बरी. नंतर कळली की वाद होतात. मात्र फेब्रुवारी २०२७ मध्ये 'गेट' दिलेली असेल तर मार्चमधील निकालापासून मोजलेली तीन वर्षांची मुदत २०२९ च्या प्रवेशालाही पुरते. 'कॅट' देणाऱ्याने सप्टेंबर २०२८ मध्ये परतून नोव्हेंबरात परीक्षेला बसावे. मधले दोन-अडीच महिने सरावासाठी मिळतात. परंतु 'कॅट'चा अर्ज बहुधा सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच भरता येतो. तो परदेशातूनच ऑनलाइन भरावा आणि त्यासाठी लागणारे जातीचे किंवा नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून काढण्याचे काम घरातील एकाने अंगावर घ्यावे.

सेवा आणि अभ्यास यांची ओढाताण नवी नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी तिशी ओलांडल्यावर, १५२४ च्या सुमारास, बार्सिलोना येथे लॅटिन शिकावयास आरंभ केला. व्याकरण पाठ करावयास बसले की त्यांच्या मनात आध्यात्मिक विचारांचा पूर येई आणि पाठांतर मागे पडे. हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. सांता मारिया देल मार या मंदिरात शिक्षकांना नेऊन त्यांनी दोन वर्षे पाठ न चुकविण्याचे वचन दिले. पुढे पॅरिसमध्ये शिकताना ते सुट्टीच्या काळात फ्लँडर्सला जाऊन वर्षाचा खर्च भिक्षेने गोळा करीत, म्हणजे उरलेले वर्ष अभ्यासाला मोकळे राही. भिक्षेचा काळ वेगळा आणि अभ्यासाचा काळ वेगळा, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आपल्या युवकांनाही हीच व्यवस्था सोयीची आहे.

तरीही काहींना तेथे असतानाच परीक्षा द्यावी लागते. अशांनी तीन तासांचा अभ्यास रोज करण्याचा संकल्प सोडून द्यावा. रोज पाऊण तास आणि सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण सराव परीक्षा, एवढेच निभावते. संस्थेला ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगावी. पाळ्यांचे वेळापत्रक लावणाऱ्याला महिनाभर आधी कळले तर एखादा दिवस मोकळा मिळू शकतो. परंतु आजारी वृद्धाला जेवू घालण्याच्या वेळी मांडीवर शब्दसंग्रहाची पुस्तिका उघडणे हे त्या वृद्धावर अन्याय करणारे आहे.

'जीआरई' राहत्या जागी संगणकावरही देता येते. त्यासाठी खोलीत दुसरे कोणीही असता कामा नये. परीक्षेपूर्वी कॅमेरा फिरवून सर्व खोली दाखवावी लागते. कानात हेडफोन चालत नाही. कच्चे काम साध्या कागदावर करता येत नाही, त्यासाठी पुसता येणारा फळा लागतो. दोघा-तिघांनी मिळून राहावयाच्या स्वयंसेवकांच्या खोलीत हे जमत नाही. सहनिवासी ऐनवेळी दार उघडून आत आला तर परीक्षा रद्द होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा जवळच्या शहरातील केंद्र गाठावे.

परदेशात परीक्षेला बसताना ओळखपत्र म्हणून पारपत्रच लागते आणि नोंदणीतील नाव त्याच्याशी अक्षरशः जुळावे लागते. आपल्या समाजात येथेच घोळ होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी व वडिलांचे नाव शेवटी, आणि पारपत्रावर मधले नावच गाळलेले, असे अनेकांचे असते. परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी, शक्य तर पदवीच्या शेवटच्या वर्षातच, ही तिन्ही कागदपत्रे एकत्र ठेवून पाहावीत. तफावत आढळल्यास राजपत्रातून नाव दुरुस्त करून घ्यावे. या कामाला किती महिने लागतील, हे आधी सांगता येत नाही.