मुलांच्या मनाची जखम आणि शाळा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गेली. वाचलेली मुले पुन्हा शाळेत बसली; पण कित्येकांचे मन ढिगाऱ्यापाशीच राहिले असेल. घरातील मारहाण, जवळच्याचा मृत्यू, जातीवरून झालेला अपमान यांचाही असाच घाव बसतो. असे मूल एकाएकी गप्प होते, दचकते, चिडते, अभ्यासात मागे पडते. आपण त्याला ‘ढ’, ‘उनाड’ म्हणतो आणि जखमेवरच छडी मारतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने ही छडी बंद केली. पण जखम ओळखावी कशी, हे कायदा शिकवत नाही.

आम्ही बँकेत खोटी नोट ओळखतो ती शिकवल्यामुळेच. शाळेतही शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई या सर्वांना शिकवावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन पायऱ्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. वागण्यातील बदल पाहावा. एकांतात शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये. मग पालक, समुपदेशक किंवा १०९८ या हेल्पलाइनशी जोडून द्यावे. मात्र घाव घरातूनच बसला असेल, तर आधी पालकांकडे जाऊ नये. लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये.

आपल्या मुलांच्या शाळेत असे प्रशिक्षण झाले आहे काय, हे प्रत्येक सभासदाने पालकसभेत जरूर विचारावे, ही आमची विनंती.